संगप्पाच्या शेतात पडलेला पाऊस

(शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं एक गाव. श्रावणातली दुपार. आभाळ निळंशार, म्हणजे वाईट. शेताच्या कोपऱ्यात दगडी समाधी, तिला खेटून पाऊस मोजणारा कंपनीचा खांब. आजूबाजूला पानं दुमडलेलं सोयाबीन.)

हणमंतराव: मला फकस्त ते पाणी दाखव. कुठं साचलंय ते दाखव, मी आत्ताच्या आत्ता चर काढतो.

अक्षरा: काका, आधी ऐकून तर घ्या.

हणमंतराव: सकाळधरनं गाव ऐकूनच राहिलंय. आक्का, लाव गं पुन्हा. कंपनीच्या बाईलाबी ऐकू दे, कंपनी काय बोलायलीय ते.

शरणम्मा: थांब बाबा, कमरेला खोचलाय. ह्ये बटन का?

हणमंतराव: हिरवं.

फोन: नमस्कार संगप्पा. काल आपल्या शेतात बासष्ट मिलिमीटर पाऊस झाला आहे. साचलेले पाणी चर काढून शेताबाहेर सोडावे. पिकावर बुरशी येण्याची शक्यता आहे. आपला दिवस आनंदाचा जावो.

हणमंतराव: झालं? आता ह्या भेगेत पाय घाल. घाल की, लाजू नको. घोट्यापस्तोर जातो. हिच्यात बासष्ट मिलिमीटर पडलाय काल. आन् वरून बुरशी. बुरशीला तरी ओल लागती का न्हाई?

अक्षरा: पाऊस पडला नाही हे मलाही दिसतंय. मी निलंग्याची आहे काका, लंडनहून नाही आले.

हणमंतराव: मग तुझ्या खांबाला कसा दिसला?

अक्षरा: तेच बघायला आले. वरचं झाकण उघडून बघितलं. जाळीत बेलाची पानं आहेत. कण्हेरीची फुलं आहेत. आणि खांबाला तीन बोटं भस्म ओढलेलं आहे.

शरणम्मा: ते म्या ओढलं.

अक्षरा: का आज्जी?

शरणम्मा: काल सोमवार होता.

हणमंतराव: आक्का, तू जरा गप बस.

शरणम्मा: का गप बसू? चोरी केली का म्या? पोरी, पाऊस लांबला की आमच्यात महादेवाला पाण्यात ठेवतेत. गाभाऱ्याच्या उंबऱ्याला माती लिंपायची, पाणी जायची वाट बुजवायची, आन् पिंड बुडंस्तोर घागरीवर घागर. देवाचा जीव गुदमरला की मग त्यो सोडतो पाऊस. काल समद्या बायांनी मिळून भरला गाभारा.

अक्षरा: आणि मग?

शरणम्मा: मग घागरीत उरलं थोडं. उरलेलं मी दरसाल ह्यांच्यावर घालत असते. हे आमचे मालक. हितंच बसवलंय त्यांना, ह्या समाधीत. काल आले घालायला तर ह्यो खांब शेजारी. वर तोंड वासून उभा. पेरायच्या चाड्यासारखं तोंड. मनात म्हणलं, तुमची कंपनी पावसाचं समदं ह्यालाच विचारती. गावबी आता ह्यालाच विचारायलंय. मग ज्याला विचारायचं त्याला कोरडं कसं ठेवायचं? घातलं त्याच्याबी तोंडात.

अक्षरा: किती घातलं?

शरणम्मा: कुणाला ध्यान? माझं बघून मागच्या बायांनीबी घातलं. चाड्यात मूठ सोडायची सवय असती हाताला.

अक्षरा: म्हणजे बासष्ट.

हणमंतराव: बघ, महादेवाला पाक बुडवला, त्यानं हूं का चूं केलं न्हाई. तुझा खांब एका घागरीत पावला. बायांचं काय चुकलं?

अक्षरा: काका, ते यंत्र आहे. देव नाही.

हणमंतराव: हे आता सांगायलीस. खांब बसवला त्या दिवशी नारळ कुणी फोडला? तुझ्या सायबानं. हार कुणी घातला? सायबानं. आम्हाला चपला कुणी काढायला लावल्या?

अक्षरा: फोटोत चिखल दिसू नये म्हणून काढायला लावल्या होत्या.

हणमंतराव: आम्हाला काय मालूम. आम्ही म्हणलं देव बसवलाय. वर सायेब भाषणात काय बोलला, आजपासून हा खांब तुमच्या शेताचं रक्षण करील. असलं तर आमच्या पुजाऱ्यानंबी कधी म्हणलं न्हाई. त्यो बिचारा लाजतो.

अक्षरा: बरं, हे समाधीला खेटून का बसवलं? आमच्या नियमात बसतं का हे?

हणमंतराव: तुमच्याच नियमानं बसवलं. शेजारी झाड नको, घर नको, नांगर लागायला नको, कोणी उद्या उठून जागा मागायला नको. अशी जागा गावात एकच निघाली. संगप्पाअप्पाच्या उशापाशी.

शरणम्मा: मीच म्हणलं बसवा. त्यांनाबी सोबत होईल.

अक्षरा: काका, हसण्यावारी नेऊ नका. आज संध्याकाळी सहाला तलावाच्या पाण्याची यादी बंद होते.

हणमंतराव: हसायलंय कोण? त्या यादीपायीच तुला सकाळधरनं फोन लावायलोय. पहिलं पाटाचं पाणी भांडून ठरायचं. डोकी फुटायची, पण ज्याचं डोकं फुटायचं त्यानं शेत तरी बघितलेलं असायचं. आता कंप्युटर ठरवतो. ज्या गावाच्या खांबाला पाऊस न्हाई, त्या गावाला पाणी. आमच्या खांबाला महिना झाला थेंब न्हवता, आमचं गाव यादीत वर होतं. आज सकाळी बघतो तर गाव पाक तळाला. का तर म्हणे, काल धो-धो पडला.

अक्षरा: पुढची पाळी कधी?

हणमंतराव: तू कंपनीची, मला विचार. महिन्यानं. महिन्यानं कशाला, तेराव्याला? शेंगात दाणा भरायलाय आता. ह्या आठवड्यात एक पाणी भेटलं तर सोयाबीन हाय. न्हाई भेटलं तर शेंगा हायत, आत काही न्हाई. खुळखुळा करून पोरांना वाटायचा.

शरणम्मा: माझ्या घागरीनं गेलं गावाचं पाणी.

हणमंतराव: तसं न्हाई आक्का.

शरणम्मा: तसंच हाय. सकाळी आडावर गेले तर बाया बोलायच्या थांबल्या. काल माझ्या मागनं घागरी घेऊन पळत हुत्या त्याच बाया.

हणमंतराव: आन् आमचं पाणी चाललंय कुणाला, ते तरी सांग.

अक्षरा: वरच्या वाडीला.

हणमंतराव: वरच्या वाडीला परवा पाऊस झाला. माझी बहीण सिंधू दिलीय तिथं. फोनवर सांगायली, वढ्याला गुडघाभर पाणी आलं म्हणून. कपडे वाळेनात म्हणून वैतागली हुती.

अक्षरा: त्यांच्या खांबाला शून्य आहे.

हणमंतराव: ते कसं?

अक्षरा: मला नाही सांगता येत.

हणमंतराव: काहून?

अक्षरा: परवा गेले होते तिथं. फनेलवर खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद होता. वाऱ्यानं उडून आला म्हणाले.

हणमंतराव: नुसता कागद?

अक्षरा: सुतळी पण होती.

हणमंतराव: गाठ मारून गेला वारा. शिकलेला असंल. मग तू काय केलंस?

अक्षरा: वर कळवलं. सर म्हणाले, शून्य हा स्वच्छ आकडा आहे, त्याला हात लावू नको.

हणमंतराव: म्हणजे तिथं पडला, त्यो खांबाला कळला न्हाई. हितं पडला न्हाई, त्यो कळला. आन् ह्याच्या भरवशावर आम्ही बदलत्या हवामानाला तोंड द्यायचं. हवामानाला देऊ गं तोंड. बापजाद्यांनी दिलं, आम्हीबी देऊ. ह्या खांबाला कसं द्यायचं ते सांग.

शरणम्मा: ज्यांनी त्याचं तोंड बांधलं त्यांना पाणी. आन् ज्यांनी पाजलं ते कोरडे. यव्वा, कसला म्हणावा ह्यो न्याय?

अक्षरा: आज्जी, मी नोंद रद्द करू शकते. जागेवर येऊन पाहणी केली, पाऊस पडलेला नाही, असं मी फोनमधून टाकलं की कालचा आकडा जातो. गाव परत वर येतं.

हणमंतराव: मग टाक की. दोन तास झाले उन्हात उभं करून राहिलीस आम्हाला.

अक्षरा: एकदा सरांना विचारावं लागतं. बघा, त्यांचाच आला. हॅलो. हो शिवप्रसाद सर, गावातच आहे. नाही सर, पाऊस पडलेला नाही. म्हणजे जमिनीवर नाही पडलेला. हो, खांबात पडलाय. सर, बायकांनी घागरीनं ओतलाय. नाही सर, चेष्टा करत नाहीये. हो. हो. पण सर, इथं पिकाला… हो. कळलं. ठेवते.

हणमंतराव: काय म्हणला?

अक्षरा: म्हणाले, पाऊस कुणी पाडला हे बघणं आपलं काम नाही. किती पडला हे बघणं आपलं काम.

हणमंतराव: वा. माणूस मोठा होणार.

अक्षरा: अजून आहे. सोमवारी या भागात जोराचा पाऊस होईल असा आमचा अंदाज होता. तालुकाभर खांब आहेत, कुठंच पडला नाही. फक्त इथं पडला. सरांनी रात्रीच वर पाठवून दिलं. अंदाज खरा ठरला म्हणून.

हणमंतराव: एका मिन्टात सांग मला. तुमचा अंदाज खोटा पडायला लागला हुता. तेवढ्यात आमच्या बायांनी अनवाणी डोक्यावरनं पाणी आणून त्यो खरा केला?

अक्षरा: असंच म्हणावं लागेल.

हणमंतराव: मग बायांना पगार चालू करा. जिथं म्हणसान तिथं पाडतो पाऊस. देगलूर, उदगीर, कंधार, नुसती गाडी पाठवा.

अक्षरा: पुढच्या आठवड्यात बाहेरून पाहुणे येणारेत. अंदाज खरा ठरलेलं गाव बघायला. तुमच्याशी बोलतील, शेतात फोटो काढतील.

हणमंतराव: कशात उभं करून? ह्या भेगेत? सोयाबीनचं खोड हातात धरायला देऊ का त्यांना? म्हणावं, बासष्ट मिलिमीटर पिऊन असं झालंय. जास्त पिलं की माणसाचंबी असंच होतं.

अक्षरा: माझ्यावर कशाला ओरडता? मी पाऊस पाडत नाही, मी यादी करत नाही. सहा महिन्यांच्या बोलीवर आहे मी. सर म्हणतील तेव्हा घरी.

हणमंतराव: घरी बरं असतं. बापाला शेती हाय का?

अक्षरा: हाय. आन् त्यो बी ह्याच अ‍ॅपवर पेरून बसलाय काका. लेक कंपनीत हाय म्हणून. फोन म्हणला पेरा, पेरलं. वाळून गेलं. पुन्हा म्हणला पेरा, पुन्हा पेरलं. आता घरी गेले की माझ्याशी बोलत न्हाई, फोनशी बोलतो. त्याला शिव्या देतो, आन् मी ऐकायची.

शरणम्मा: उन्हात नको उभी राहू पोरी. बस हितं कट्ट्यावर. ह्यांना चालतं.

हणमंतराव: आता बोललीस बघ निलंग्याची. मघाधरनं वाटायलं हुतं, भाषांतर ऐकायलोय.

अक्षरा: करते मी रद्द. सर काय करायचं ते करू देत. नेटला रेंज कुठं येते इथं?

हणमंतराव: तू बसलीस तिथंच. समद्या गावाचे फोन अप्पाच्या समाधीवरनं जातेत. उभी राहा वर, फकस्त चपला काढ.

अक्षरा: आली. आता कारण विचारतंय. बिघाड, जनावर, वादळ, माणूस.

हणमंतराव: बिघाड टाक. समदा बिघाडच हाय.

अक्षरा: बिघाडाला सरांची मंजुरी लागते. ती यायची नाही.

हणमंतराव: मग जनावर. माकड टाक. माकडं हायत बी गावात. कोण बघाया येतंय?

शरणम्मा: मी माकड?

हणमंतराव: आक्का, कागदावर.

शरणम्मा: कागदावर तर कागदावर. न्हाऊन, ओल्या लुगड्यानं, महादेवाच्या अंगावरनं उरलेलं पाणी म्या घातलंय. उद्या पाट वाहायला लागला तरी माकडानं आणलेलं पाणी म्हणून पिकाला द्यायचं का? माझं नाव घाल पोरी. शरणम्मानं घातलं म्हणून लिही.

अक्षरा: आज्जी, नाव टाकलं की नोटीस येते. पुढं काय करायचं ते वर ठरवतात. मला माहीत नाही ते काय करतील.

शरणम्मा: करू देत. आडावर बाया बोलायच्या थांबल्या, त्याच्यापुढं नोटीस काय? गावाचं पीक माझ्या नावानं वाळण्यापरीस माझ्या नावानं नोटीस बरी. घाल.

अक्षरा: बरं. शरणम्मा. दिसत नाही. पुन्हा बघते. आज्जी, तुमचं नावच नाही यात.

शरणम्मा: गावात जन्म गेला माझा.

अक्षरा: यात फक्त ज्यांच्या नावावर जमीन आहे तेवढीच माणसं आहेत. हे शेत कुणाच्या नावावर आहे?

हणमंतराव: कुणाच्या असंल? अप्पाच्या. त्यांना जाऊन चार वर्सं झाली. आक्कानं वारसाची दरखास्त दिली त्याच महिन्यात. तलाठी बदलला, मग दुसरा बदलला, तिसरा म्हणला कागद उंदरानं खाल्ला. खुरपायला आक्का, पेरायला आक्का, काढायला आक्का. सात-बाऱ्यावर अप्पा. म्हणून तर फोन सकाळी उठून नमस्कार संगप्पा म्हणतो.

अक्षरा: मला आधी सांगितलं असतं तर अ‍ॅपमधलं नाव तरी बदलून दिलं असतं आज्जी.

शरणम्मा: मीच न्हाई सांगितलं. राहू दे म्हणलं.

अक्षरा: का?

शरणम्मा: आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत. म्या जिंदगीत घेतलं न्हाई. लेकरं न्हाईत घरात, कोण घेणार? ह्यो फोन घेतो रोज सकाळी. चुलीपाशी ठेवते. कधी पाऊस सांगतो, कधी कीड सांगतो, ते काही मला कळत न्हाई. नाव तेवढं ऐकते.

अक्षरा: काका, सहाला थोडंच राहिलंय. यादी बंद झाली तर मग काहीच होणार नाही.

हणमंतराव: अप्पाचं नाव दिसतंय त्यात?

अक्षरा: पहिलंच.

हणमंतराव: मग तेच टाक. खोटं कुठं हाय? जितं असताना महादेव बुडवायला समद्यांच्या पुढं अप्पाच असायचा. घागरबी त्याचीच. त्यानंच घातलं म्हण.

अक्षरा: आज्जी, टाकू? तुम्ही म्हणाल तसं.

शरणम्मा: त्यांना काही करतील का?

अक्षरा: काही नाही करू शकत आज्जी.

शरणम्मा: इज्जतीचा माणूस हुता. कधी तहसीलची पायरी चढला न्हाई, कुणाचं वाईट ऐकून घेतलं न्हाई.

हणमंतराव: आक्का, पाणी येईल.

शरणम्मा: समद्या गावाला येईल?

अक्षरा: समद्या गावाला. शेवटच्या शेतापर्यंत.

शरणम्मा: मग घाल. पाण्याला न्हाई म्हणणारा माणूस न्हवता त्यो.

अक्षरा: टाकलं. फिरायलंय अजून. थांबा. गेलं. आकडा शून्य झाला. काका, आलं बघा गाव. वरनं दुसरं. पाणी मिळतंय.

हणमंतराव: पहिलं कोण?

अक्षरा: वरची वाडी.

हणमंतराव: असू दे. सुतळीचा मान हाय तो. उद्या पाट सुटणार म्हणजे?

अक्षरा: सकाळी. सरांचा फोन येतोय.

हणमंतराव: उचल की.

अक्षरा: उद्या उचलते. पाणी शेतात शिरल्यावर.

शरणम्मा: माझाबी वाजायलाय. आत्ता कसा वाजला? ह्यो तर सकाळीच वाजतो. बाबा, हिरवं म्हणलास न्हवं?

फोन: नमस्कार संगप्पा. आपण पर्जन्यमापकात पाणी ओतल्याची नोंद झाली आहे. ही आपली पहिलीच चूक असल्याने आपल्यावर कारवाई करण्यात येत नाही. यापुढे आपण यंत्रापासून पन्नास फूट दूर राहावे. आपला दिवस आनंदाचा जावो.

अक्षरा: ते आपोआप येतं आज्जी. कुणी माणूस पाठवत नाही. लक्ष देऊ नका.

हणमंतराव: पन्नास फूट. हितनं खांबाला हात पुरतो.

शरणम्मा: अक्षरा नाव न्हवं तुझं? सायबाला सांग पोरी. म्हणावं, तुमचा खांब हलवा. हे न्हाई हलायचे आता.